अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष निवडणूक: सांगलीच्या बाबांना समजावताना जमलेली शब्दांची शिदोरी

नोव्हेंबर २०२० मध्ये सांगलीहून बाबांचा रोज फोन यायचा. मतदान मंगळवारी, ३ तारखेला झालेलं. बुधवारी सकाळी पहिला प्रश्न, "लागला का गं निकाल?" गुरुवारी तोच, शुक्रवारी तोच. शनिवारी भारतात रात्रीचे दहा वाजत आले तेव्हा कुठे वृत्तसंस्थांनी जो बायडन विजयी झाल्याचं जाहीर केलं. बाबा म्हणाले, "एवढा पुढारलेला देश, आणि मतं मोजायला चार दिवस?"

बाबा शाळामास्तर होते. निवडणुकीची ड्युटी त्यांनी कितीदा केली याचा हिशेब नाही. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन गावात पोहोचायचं, शाळेच्याच वर्गात मुक्काम, सकाळी सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर मॉक पोल, संध्याकाळी यंत्र सील. निवडणूक म्हणजे काय याचं त्यांच्या डोक्यातलं चित्र पक्कं, आणि अमेरिकेतली एकही गोष्ट त्या चित्रात बसेना. त्यांना समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की नुसते शब्दांचे अर्थ सांगून भागत नाही. शब्द कानावर पडला की आधी विचारायचं: हे काम केंद्राचं की राज्याचं? बहुतेक वेळा उत्तर येतं, राज्याचं. संपूर्ण देशाची म्हणून राष्ट्राध्यक्षाची निवडणूक अमेरिकेत होतच नाही. ५० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी मिळून ५१ निवडणुका एकाच दिवशी होतात आणि प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. एवढं मनात बसलं की बाकीचं जड जात नाही.

मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहते. त्यामुळे उदाहरणं बहुतेक इथलीच देणार आहे.

पहिली पायरी: ओळखीचे वाटणारे फसवे शब्द

अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द जास्त घोळ घालतो. "काँग्रेस" हा पक्ष नव्हे, ती अमेरिकेची संसद आहे. तिची दोन सभागृहं: ४३५ सदस्यांचं प्रतिनिधिगृह, म्हणजे हाऊस, आणि १०० सदस्यांची सिनेट. "गव्हर्नर"चं भाषांतर आपली वर्तमानपत्रं राज्यपाल असं करतात, पण तो लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. कामाने पाहिलं तर तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा. "सेक्रेटरी ऑफ स्टेट" तर दोन प्रकारचे आहेत. वॉशिंग्टनमधला देशाचा परराष्ट्रमंत्री. राज्याराज्यांतला मात्र बहुतेक ठिकाणी निवडणुकीचं काम पाहणारा अधिकारी. निकालाच्या रात्री "जॉर्जियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने सांगितलं" असं ऐकलं तर परराष्ट्रमंत्री आठवू नका.

"मिडटर्म" या शब्दाने बाबा हमखास गोंधळतात. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हणजे सरकार पडलं, मुदतीआधी मतदान आलं. इथे सरकार पडायची सोयच नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीत बरोबर मध्यावर, ठरल्या तारखेला, पूर्ण प्रतिनिधिगृह आणि सिनेटचा सुमारे एक तृतीयांश भाग पुन्हा निवडला जातो. ती मिडटर्म. राष्ट्राध्यक्षाचं पद तेव्हा पणाला नसतं.

आणि रंग. लाल म्हटलं की आपल्याला लाल बावटा आठवतो. इथे लाल रंग उजव्या विचारांच्या रिपब्लिकन पक्षाचा आणि निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा. ही वाटणी तशी नवी आहे. २००० च्या निवडणुकीत निकालाचे नकाशे आठवडेच्या आठवडे टीव्हीवर दिसत राहिले आणि तेव्हापासून हे रंग पक्के झाले. हत्ती रिपब्लिकनांचा, गाढव डेमोक्रॅटांचं. "जीओपी" असं ऐकलं तर ते रिपब्लिकन पक्षाचंच जुनं टोपणनाव आहे.

दुसरी पायरी: निवडणूक घेतं कोण?

बाबांचा सगळ्यात मोठा धक्का हा होता की इथे आपल्यासारखा निवडणूक आयोगच नाही. "फेडरल इलेक्शन कमिशन" नावाची एक संस्था आहे, पण ती फक्त पैशाचा हिशेब बघते: कोणी किती देणगी दिली, कोणी किती खर्च केला. मतदारयादी, मतपत्रिका, मतदान केंद्र, मोजणी यातलं काहीही तिच्याकडे नाही.

ते सगळं बहुतेक राज्यांत काउंटीकडे असतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. देशात तीन हजारांवर काउंट्या आहेत, पेन्सिल्व्हेनियात ६७. नियम राज्याची विधानसभा करते, राबवते काउंटी. म्हणून शेजारच्या न्यू जर्सीतल्या मैत्रिणीने सांगितलेला नियम माझ्या कामाचा नसतो. नव्याने आलेल्या माणसांना मी हेच सांगते: माहिती हवी असेल तर आपल्या राज्याच्या आणि काउंटीच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या तारखा बऱ्याचदा दुसऱ्याच राज्याच्या असतात.

मतदानाचा दिवस मात्र सगळ्यांना एकच, १८४५ च्या कायद्याने ठरलेला: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०२८ मध्ये तो ७ नोव्हेंबरला येतो. देशभर त्या दिवशी सुटी नसते. लोक कामावर जाण्याआधी किंवा सुटल्यावर रांगेत उभे राहतात.

तिसरी पायरी: ५३८ आणि २७०

आता मुख्य गोष्ट. "इलेक्टोरल कॉलेज" ऐकलं की इमारत डोळ्यांसमोर येते, पण हे कॉलेज म्हणजे ५३८ माणसांचं मंडळ आहे. या माणसांना इलेक्टर म्हणतात आणि राष्ट्राध्यक्ष ते निवडतात.

५३८ हा आकडा कुठून आला? प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने वॉशिंग्टन डीसीला मिळालेले ३. ज्या राज्याचे काँग्रेसमध्ये जेवढे सदस्य, तेवढे त्याचे इलेक्टर. कॅलिफोर्नियाचे ५४, टेक्सासचे ४०, वायोमिंगचे ३. निम्म्याहून एक जास्त म्हणजे २७०, आणि सगळी धडपड या आकड्यासाठी. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की हाऊसच्या जागांची फेरवाटणी होते. २०२० च्या जनगणनेनंतर पेन्सिल्व्हेनियाची एक जागा गेली आणि आमचे इलेक्टर २० चे १९ झाले.

राज्य कितीही लहान असलं तरी सिनेटचे दोन ठरलेलेच. त्यामुळे लहान राज्याच्या मताला वजन जास्त. २०२० च्या जनगणनेच्या हिशेबाने वायोमिंगमध्ये १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर येतो, कॅलिफोर्नियात ७ लाख ३० हजारांमागे एक. मला हे पटत नाही. पण घटना बदलायची तर तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते, आणि लहान राज्यं ती कशाला देतील?

बाबांना भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूक आठवली. तिथेही निर्वाचक मंडळ आहे आणि महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ असतं. साम्य एवढ्यावरच संपतं. आपल्याकडे प्रत्येक आमदार-खासदार आपापलं मत देतो, म्हणून एकाच राज्याची मतं दोन उमेदवारांत वाटली जातात. अमेरिकेत ४८ राज्यांत आणि डीसीत "विनर टेक्स ऑल" आहे: राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याचे सगळे इलेक्टर. अशी कल्पना करा की महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा वेगवेगळ्या लढवल्याच जात नाहीत. राज्यभरची मतं एकत्र मोजायची आणि ज्या पक्षाला एक मत जास्त पडलं त्याला ४८ च्या ४८ द्यायच्या. दुसऱ्या पक्षाला दोन कोटी मतं पडली असली तरी त्याच्या हाती शून्य. हे उदाहरण दिलं तेव्हा बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते.

मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं अपवाद आहेत. तिथे दोन इलेक्टर राज्यातल्या विजेत्याला आणि बाकीचे हाऊसच्या मतदारसंघाप्रमाणे. म्हणून २०२४ मध्ये नेब्रास्का रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकलं तरी ओमाहा शहराचा एक इलेक्टर डेमोक्रॅट कमला हॅरिस यांना मिळाला, आणि मेन हॅरिस यांनी जिंकूनही तिथला एक ट्रम्प यांच्याकडे गेला.

आता "पॉप्युलर व्होट" हा शब्द सोपा होतो. देशभरातल्या सगळ्या मतांची ही बेरीज. ती छापली जाते, तिच्यावर चर्चा होते, पण निकाल तिच्यावर ठरत नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प झाले. २००० मध्ये अल गोर यांची मतं पाच लाखांहून अधिकने जास्त होती. फ्लोरिडात मात्र जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिथली फेरमोजणी थांबवली, फ्लोरिडाचे २५ इलेक्टर बुश यांना गेले आणि अंतिम आकडा २७१ विरुद्ध २६६ असा आला.

"स्विंग स्टेट" म्हणजे ज्या राज्याचं पारडं कुठेही झुकू शकतं ते. त्याच्या उलट "सेफ स्टेट", पक्षाचा बालेकिल्ला. कॅलिफोर्नियाचा निकाल आधीच माहीत असतो, म्हणून उमेदवार तिथे देणग्या गोळा करायला जातात आणि सभा आमच्याकडे घेतात. पेन्सिल्व्हेनिया २०१६ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ४४ हजार मतांनी जिंकलं, २०२० मध्ये बायडन यांनी सुमारे ८० हजारांनी, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांनी सुमारे १ लाख २० हजारांनी. तिन्ही वेळा पेन्सिल्व्हेनिया ज्याचं, व्हाइट हाऊस त्याचं. ऑक्टोबरात आमची टपालपेटी रोज प्रचारपत्रकांनी भरते आणि टीव्हीवर जाहिरातींमध्ये बातम्या शोधाव्या लागतात. २०२४ मध्ये अशी सात राज्यं धरली जात होती: पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा. सातही ट्रम्प यांच्याकडे गेली आणि एकूण आकडा झाला ३१२ विरुद्ध २२६.

चौथी पायरी: उमेदवार ठरतो कसा

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इथे "तिकीट" या शब्दाचा अर्थच वेगळा: राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोन उमेदवारांची जोडी. जोडीला एकच मत द्यायचं असतं, एकीकडचा राष्ट्राध्यक्ष आणि दुसरीकडचा उपराष्ट्राध्यक्ष असं निवडता येत नाही. जोडीतल्या दुसऱ्याला "रनिंग मेट" म्हणतात.

उमेदवारी पक्षाचे सामान्य मतदार ठरवतात, तेही "प्रायमरी"त. ही पक्षांतर्गत निवडणूक खरी, पण मतदान केंद्र, मतपत्रिका, मोजणी सगळं सरकारी यंत्रणेचं. "ओपन प्रायमरी" असलेल्या राज्यात कुठलाही मतदार कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. "क्लोज्ड प्रायमरी"त फक्त त्या पक्षाचा म्हणून नोंदलेला मतदार. पेन्सिल्व्हेनिया क्लोज्ड आहे. मतदारनोंदणीच्या अर्जात पक्षाचा रकाना असतो आणि मी पहिल्या वेळी तो "कुठलाच नाही" असा भरला. पक्ष सरकारदरबारी कशाला सांगायचा, ही आपली सवय. एप्रिलमध्ये प्रायमरीला केंद्रावर गेले तर उमेदवार निवडण्याची मतपत्रिका माझ्यासाठी नव्हतीच. पक्ष नोंदवला म्हणून नोव्हेंबरात त्यालाच मत द्यायचं बंधन अजिबात नसतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काही राज्यांत प्रायमरीऐवजी "कॉकस" होतो. ठरलेल्या संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये किंवा सभागृहात लोक जमतात, उमेदवारांच्या बाजूने बोलतात आणि तिथल्या तिथे कौल देतात. आयोवाचा कॉकस त्यासाठीच प्रसिद्ध.

प्रायमरीतून उमेदवाराला "डेलिगेट" मिळतात, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या बाजूने हात वर करणारे प्रतिनिधी. डेलिगेट आणि इलेक्टर यांची गल्लत करू नका. डेलिगेट पक्षाचा उमेदवार ठरवतात, इलेक्टर देशाचा राष्ट्राध्यक्ष. मार्च महिन्यात एका मंगळवारी एकदम बरीच राज्यं मतदान करतात, तो "सुपर ट्यूजडे". तिथपर्यंत बहुतेक उमेदवारांचा गाशा गुंडाळलेला असतो. २०२४ मध्ये सुपर ट्यूजडे ५ मार्चला होता, १२ मार्चपर्यंत बायडन आणि ट्रम्प दोघांचे डेलिगेट पुरेसे झाले होते, आणि आमची प्रायमरी होती २३ एप्रिलला. सुरुवातीच्या राज्यांना एवढं महत्त्व का, याचं उत्तर या तीन तारखांत आहे.

उन्हाळ्यात "कन्व्हेन्शन" भरतं, पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन. तिथे डेलिगेट मतदान करून उमेदवारीवर शिक्कामोर्तब करतात. बहुतेक वेळा तो उपचार असतो, पण २०२४ मध्ये डेलिगेट म्हणजे काय हे सगळ्या देशाला नव्याने कळलं. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. प्रायमरी होऊन गेलेल्या, पुन्हा घेणं शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी निवडलेले डेलिगेट मोकळे झाले आणि शिकागोच्या अधिवेशनाआधीच ऑनलाइन मतदान करून त्यांनी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली.

प्रायमरी फक्त राष्ट्राध्यक्षासाठी नसते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२० मध्ये ते राज्याच्या विधानसभेत गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून हाऊसवर. ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचा जोर असतो तिथे खरी लढत प्रायमरीतच होते, म्हणून ती चुकवू नये.

पाचवी पायरी: मत कोणाला आहे, आणि कोणाला नाही

हा भाग नव्याने आलेल्यांनी दोनदा वाचावा. मत फक्त नागरिकाला. एच-वन-बी व्हिसावाल्याला नाही, ग्रीन कार्डवाल्यालाही नाही, कितीही वर्षं कर भरला तरी. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना "मतदार म्हणून नोंदणी करायची का?" असा प्रश्न पडद्यावर येऊ शकतो. घाईघाईत "हो" दाबू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं किंवा मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यापायी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. चुकून नोंदणी झालीच, तर मतदान करू नका आणि लगेच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.

पैशाचा नियम थोडा वेगळा आहे. ग्रीन कार्डवाला उमेदवाराला देणगी देऊ शकतो, पण एच-वन-बीवर असलेल्याने एक डॉलरही द्यायचा नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात कोणी उमेदवार आला आणि देणगीचा क्यूआर कोड फिरला तर हे आठवा. थेट उमेदवाराला द्यायच्या देणगीला मर्यादा असते. २०२३-२४ मध्ये ती एका निवडणुकीमागे ३,३०० डॉलर होती, आणि प्रायमरी व नोव्हेंबरची निवडणूक या दोन वेगळ्या धरल्या जातात. "पॅक" म्हणजे देणग्या गोळा करून उमेदवारांना पुरवणारी समिती. "सुपर पॅक" उमेदवाराला थेट पैसे देऊ शकत नाही, पण त्याच्या बाजूने स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू शकते. २०१० च्या न्यायालयीन निकालांनी हा दरवाजा उघडला. ऑक्टोबरातल्या त्या जाहिरातींच्या शेवटी बारीक अक्षरांत नाव असतं, ते बऱ्याचदा अशा एखाद्या सुपर पॅकचं असतं.

नागरिक झालात की मतदारयादीत नाव आपोआप येईल असं धरून चालू नका. "रजिस्ट्रेशन" आपणच करायचं आणि घर बदललं की पत्ताही आपणच बदलायचा. पेन्सिल्व्हेनियात मुदत मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत. नॉर्थ डकोटा या एकाच राज्यात नोंदणी लागत नाही.

सहावी पायरी: मतपत्रिका हातात आल्यावर

मी टपालाने मत देते. पाकीट येतं ते चांगलं जाडजूड. आत एक मतपत्रिका आणि दोन लिफाफे. मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर उलगडली की ताटाएवढी होते. अगदी वर मथळा "राष्ट्राध्यक्षीय इलेक्टर" असा आहे, त्याखाली जोड्यांची नावं. म्हणजे कायद्याने मी त्या जोडीच्या १९ इलेक्टरांना मत देत असते, नावं मात्र त्यांची दिसत नाहीत. नावाशेजारचा लंबगोल निळ्या किंवा काळ्या शाईने पूर्ण भरायचा.

खाली बरंच काही असतं. २०२४ मध्ये सिनेट होती, राज्याचे ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल आणि खजिनदार होते, हाऊसचा सदस्य होता, राज्य विधानसभेचा सदस्य होता. या खालच्या लढतींना "डाउन बॅलट" म्हणतात. एकेक रकाना कोरा सोडला तरी चालतो, बाकीचं मत बाद होत नाही.

आता लिफाफे. मतपत्रिका आधी आतल्या लिफाफ्यात, ज्याला "सीक्रसी एन्व्हलप" म्हणतात, मग तो बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतला लिफाफा विसरला तर ते "नेकेड बॅलट", उघडी मतपत्रिका, आणि पेन्सिल्व्हेनियात ती मोजत नाहीत. पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत काउंटीच्या हाती पोहोचायला हवं, पोस्टाचा शिक्का त्या दिवसाचा असून उपयोग नाही. म्हणून मी ते "ड्रॉप बॉक्स"मध्ये, काउंटीने ठेवलेल्या पेटीत, स्वतः टाकून येते. दुसऱ्याचं पाकीट टाकायचं असेल तर तसा लेखी अधिकार लागतो, नवऱ्याचं असलं तरी.

"अर्ली व्होटिंग" म्हणजे मतदानाच्या दिवसाआधी प्रत्यक्ष जाऊन मत देणं. बऱ्याच राज्यांत त्यासाठी केंद्रं उघडतात. "प्रोव्हिजनल बॅलट" ध्यानात ठेवा. केंद्रावर यादीत नाव सापडलं नाही तर परत फिरू नका, प्रोव्हिजनल बॅलट मागा. तो वेगळा ठेवतात आणि पात्रता तपासून मग मोजतात.

सातवी पायरी: निकालाची रात्र, भारतातली सकाळ

नोव्हेंबरात अमेरिकेचा पूर्व किनारा भारताच्या साडेदहा तास मागे असतो. बुधवारी भारतात पहाटे साडेचारला इंडियाना आणि केंटकीच्या काही भागांत मतदान संपतं, साडेपाचला जॉर्जियात, साडेसहाला आमच्याकडे, साडेनऊला कॅलिफोर्नियात. चहाच्या वेळी टीव्ही लावला तर देशाच्या निम्म्या भागात अजून मतदान चालू असतं.

त्या रात्री सरकार कोणालाच विजयी घोषित करत नाही. असोसिएटेड प्रेससारखी वृत्तसंस्था आणि टीव्ही वाहिन्या आकडे तपासून "कॉल" देतात: अमुक राज्य अमुकाचं. राहिलेल्या मतांनी पिछाडी भरून निघणं अशक्य दिसलं तरच कॉल येतो. "टू क्लोज टू कॉल" म्हणजे अंतर इतकं कमी की सांगता येत नाही. कॉल आणि आघाडी एक नव्हे. आपल्याकडे "कल" दाखवतात तो फक्त आघाडीचा असतो, आणि नकाशावर राज्य लाल दिसलं म्हणून ते लाल झालं असं होत नाही.

२०२० मध्ये बाबांना चार दिवस का थांबावं लागलं, त्याचं उत्तर इथे आहे. त्या वर्षी पेन्सिल्व्हेनियात सुमारे २६ लाख मतं टपालाने आली. आमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ती पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडताच येत नाहीत. बाहेरचा लिफाफा फोडा, आतला वेगळा काढा, तो फोडा, घडी उलगडा, मग यंत्रात घाला. केंद्रांवरची मतं आधी मोजून झाली, त्यांत ट्रम्प काही लाखांनी पुढे होते. टपालाची मतं मोजली जाऊ लागली तसं अंतर घटत गेलं, कारण टपालाने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅट खूप जास्त होते. आधी लाल, मग निळं होत जाणाऱ्या या नकाशाला "रेड मिराज", लाल मृगजळ, असं नाव पडलं. कुणी रातोरात मतं आणून ओतली असं त्यावरून पसरवलं गेलं आणि आमच्या काउंटीतल्या मोजणी करणाऱ्या साध्यासुध्या माणसांना त्याचा फार त्रास झाला. बाबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना सगळ्यात आधी त्या कर्मचाऱ्यांबद्दल वाईट वाटलं.

नंतर "कॅनव्हास" होतो, काउंटी प्रत्येक आकडा पुन्हा जुळवते. अंतर अगदी थोडं असेल तर "रीकाउंट", फेरमोजणी. शेवटी "सर्टिफिकेशन", राज्याची अधिकृत मोहोर.

आठवी पायरी: डिसेंबर आणि जानेवारी

डिसेंबरच्या मध्यावर, दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी, इलेक्टर आपापल्या राज्याच्या राजधानीत भेटतात. ५३८ जण एका छताखाली कधीच येत नाहीत. आमचे १९ हॅरिसबर्गला जमतात. ते पक्षाचे निष्ठावान लोक असतात, पेन्सिल्व्हेनियात तर उमेदवारच त्यांची नावं देतो. एखाद्याने भलत्यालाच मत दिलं तर तो "फेथलेस इलेक्टर". २०१६ मध्ये अशी सात मतं धरली गेली होती. राज्य अशा इलेक्टरला रोखू शकतं, असा निर्वाळा २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

६ जानेवारीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसमोर ती मतं उघडून मोजली जातात. २०२१ मध्ये याच दिवशी जमाव संसदभवनात घुसला होता. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने स्पष्ट केलं की अध्यक्षस्थानी बसणाऱ्या उपराष्ट्राध्यक्षाचं काम फक्त औपचारिक आहे, आणि एखाद्या राज्याच्या मतांवर हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांतल्या किमान एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतील.

आणि २६९-२६९ झालं तर? मग निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, पण तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगलाही एक, जिंकायला २६. याला "कंटिंजंट इलेक्शन" म्हणतात. कोणालाच बहुमत न मिळाल्याने १८२४ च्या निवडणुकीत जॉन क्विन्सी ॲडम्स असेच राष्ट्राध्यक्ष झाले होते.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जुना राष्ट्राध्यक्ष पदावरच असतो. मुदत संपत आलेल्या त्याला "लेम डक" म्हणतात आणि नव्याकडे कारभार सोपवण्याच्या कामाला "ट्रान्झिशन". २० जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला घटनेप्रमाणे जुन्याची मुदत संपते आणि नव्याची सुरू होते. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. बाबांची झोपायची वेळ नवाची, पण त्या रात्री ते जागे राहतात आणि शपथ पूर्ण झाली की मला फोन करतात.